मदत हवी आहे: ‘ख्वेइ’ या चिनी अक्षराचं मूळ रोप कोणतं?

चिनी कवी दू फूच्या इ.स. 755च्या एका दीर्घ कवितेत ‘ख्वेइ’ सूर्याकडे झुकते, अशी ओळ आहे. त्यावर मराठीत टिपण लिहिते आहे आणि इथेच अडले आहे. अक्षराच्या वर गवताची खूण, खाली उच्चार सुचवणारं ‘ग्वेइ’. आजचे कोश सूर्यफुलाकडे बोट दाखवतात, पण ते रोप मूळचं अमेरिकेचं, चीनमध्ये आलं मिंग राजवटीच्या काळात (चौदावं ते सतरावं शतक). दू फूने ते पाहिलेलं असणं शक्यच नाही!

शू शेनच्या इ.स. 100च्या सुमाराच्या कोशात फक्त ‘एक भाजी’ एवढंच मिळालं. ही भाजी म्हणजे भेंडीच्या कुळातली मॅलो, इथवर पटलं आहे. सोळाव्या शतकात वैद्य ली शिझेन लिहितो की ती आता कुणी खात नाही. याच अक्षराचं जपानी वाचन ‘आओइ’, तो फाटा सध्या नको.

आधुनिक चिनी वाचता येतं, अभिजात चिनी मात्र अडखळत. सशुल्क संग्रह मला उघडत नाहीत.

मॅलोची पानं खरंच उन्हाच्या दिशेने वळतात का, कुणी स्वतः पाहिलंय? आणि सूर्यफुलासाठी हे अक्षर सर्वांत आधी कोणत्या ग्रंथात सापडतं?