मदत हवी आहे : महाराष्ट्र पासिंगची गाडी आणि कर्नाटकचा रोड टॅक्स

नमस्कार मंडळी. थोरल्या भावाची बदली कोल्हापूरहून निपाणीला झाली असून त्याची एमएच ०९ पासिंगची कार आता इथेच असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ परराज्यात ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो, हे ठाऊक आहे. कोल्हापूर आरटीओची एनओसीही हाती आली आहे. प्रश्न दंडाचा आहे. गाडी कर्नाटकात कधी आली याचा पुरावा म्हणून कोगनोळी टोलनाक्यावरची फास्टॅगची नोंद चिक्कोडी आरटीओत ग्राह्य धरतात का, आणि थकलेल्या करावरचा दंड नुसत्या दारात उभ्या असलेल्या गाडीलाही लागतो का? ज्यांनी केए २३ नंबर घेतला आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. सीमाभागातल्या अनेक घरांना त्याचा उपयोग होईल.