जुनी बेस गिटार विकत घेताना तिची खरी किंमत विकणाऱ्याला सांगावी का?

खर्जस्वर (परभणी)

ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत मराठवाड्यात ऑर्केस्ट्रा आणि गायन पार्ट्यांचे मोठे दिवस होते. त्या काळात बेस गिटार वाजवणारे बरेच जण आता थकले आहेत, काही निवर्तले आहेत, आणि त्यांची वाद्ये एकेक करून विक्रीस निघत आहेत. विकणारी व्यक्ती बहुधा वादकाची पत्नी किंवा मुले असतात. घेणारा मात्र छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबईहून आलेला, वाद्याची पुरती माहिती असलेला माणूस असतो. आमच्या जिल्ह्यात नुकताच असा एक व्यवहार झाला. आखातात नोकरीला असलेल्या नातेवाइकाने आणून दिलेली फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीच्या 'स्क्वायर' नावाची जपानी बेस गिटार घरच्यांनी आठ हजार रुपयांना दिली. तिच्या क्रमांकाच्या आरंभी 'जेव्ही' ही अक्षरे होती. फेंडरने 1982 मध्ये जपानमध्ये उत्पादन सुरू केले, त्या सुरुवातीच्या काळातील ही वाद्ये आहेत आणि संग्राहक ती आवर्जून शोधतात. चांगल्या अवस्थेतील अशा बेसला परदेशात लाखाच्या आसपास किंमत येते. घेणाऱ्याला हे ठाऊक होते, घरच्यांना नव्हते.

माझे मत स्पष्ट आहे. एका बाजूला पूर्ण माहिती आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण अज्ञान असेल, तर वाद्य काय आहे आणि त्याला साधारण किती मोल येते हे खरेदीदाराने पैसे पुढे करण्यापूर्वी सांगितले पाहिजे. त्यानंतर घासाघीस करण्यास त्याला पूर्ण मोकळीक आहे.

बालाघाट (अंबाजोगाई)

मी स्वतः जुनी वाद्ये आणि अ‍ॅम्प्लिफायर घेतो, दुरुस्त करून घेतो आणि विकतो. त्यामुळे आपले म्हणणे मला मुळातच अमान्य आहे, आणि त्याची कारणे मी मांडू इच्छितो.

माहिती ही कष्टाने मिळवलेली वस्तू आहे. कोणत्या वर्षी कोणता पिकअप (तारांचे कंपन विजेत बदलणारा भाग) बसवला जात असे, कोणत्या काळात कोणता रंग वापरात होता, मूळ स्क्रू कोणते आणि बदललेले कोणते, हे समजण्यासाठी वर्षे जातात आणि पैसेही जातात. माळ्यावर पडून असलेल्या वाद्याला तिथे पडून असेपर्यंत लाखाची किंमत नसते. ते ओळखणे, नीट करणे, खात्रीने वाजते करणे आणि योग्य ग्राहकापर्यंत नेणे या सगळ्यांतून ती किंमत तयार होते. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी 1961 मध्ये हॅम्बुर्गला घेतलेली हॉफ्नर कंपनीची बेस 1972 मध्ये लंडनमध्ये चोरीला गेली होती. ती परत मिळाल्याचे 2024 मध्ये जाहीर झाले. मधली इतकी वर्षे ती कोणाच्या तरी घरात पडून होती, आणि माहितगार माणसांनी चिकाटीने शोध घेतला म्हणूनच ती उजेडात आली.

दुसरी गोष्ट अनुभवाची आहे. इंटरनेटवरची सर्वांत चढी किंमत एकदा घरच्यांच्या कानावर गेली की ते त्याच आकड्यावर अडून बसतात. त्या आकड्याला येथे ग्राहक मिळत नाही, वाद्य पुन्हा माळ्यावर जाते आणि आणखी काही उन्हाळे सोसून कायमचे वाकते. व्यापाऱ्याचे तोंड बंद असावे असे मी म्हणत नाही. परंतु न विचारता भाव सांगण्याचे बंधन त्याच्यावर असू नये.

सोल्डर (नांदेड)

दोन्ही बाजूंनी 'किंमत' हा शब्द असा वापरला जात आहे, जणू ती वाद्याच्या पाठीवर छापलेली असते. दुरुस्तीच्या टेबलावर ती कशी ठरते, हे सांगितले तर चर्चेला उपयोग होईल.

पहिला प्रश्न वाद्य कोणत्या काळातील आहे हा असतो. अमेरिकी फेंडरच्या बाबतीत संग्राहक 1965 ही रेषा मानतात, कारण त्या वर्षी लिओ फेंडर यांची कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीकडे गेली आणि त्यापूर्वीच्या वाद्यांना वेगळेच मोल आहे. केवळ क्रमांकावर विसंबता येत नाही. नेक (वाद्याचा लांब दांडा) सोडवून तिच्या टाचेवरचा, म्हणजे धडाला जोडलेल्या टोकावरचा, शिक्का पाहावा लागतो आणि आतल्या पॉटवरचे (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावरचे) अंक वाचावे लागतात. पॉटवर 1376633 असे अंक असतील, तर 137 म्हणजे सीटीएस हा निर्माता, 66 म्हणजे 1966 हे वर्ष आणि 33 म्हणजे त्या वर्षाचा आठवडा. यावरून वाद्य त्या तारखेपूर्वीचे नाही एवढेच सिद्ध होते. पॉट नंतर बदललेला असेल, तर तेवढेही सिद्ध होत नाही.

दुसरा प्रश्न मूळपणाचा. मंडळाच्या कार्यक्रमासाठी चकाकी यावी म्हणून आपल्याकडे कित्येक वाद्यांवर गाड्यांचा रंग मारलेला आढळतो. जुन्या अमेरिकी बेसचा मूळ रंग गेला की संग्राहकाच्या लेखी तिची किंमत साधारण अर्ध्यावर येते, मग वाजायला ती कितीही सुरेख असो.

तिसरा प्रश्न आपल्या हवेचा आहे, आणि बाहेरचे जाणकार नेमका तोच विसरतात. एप्रिल-मेमध्ये येथे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. लाकूड आकसते आणि फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोके कडेने बोटांना टोचू लागतात. पावसाळ्यात तेच लाकूड ओलावा धरते आणि नेकचा बाक बदलतो. पत्र्याखालच्या खोलीत तारा ताणलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे ठेवलेल्या बेसची नेक इतकी वाकलेली असू शकते की ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारणारी आतली सळई) शेवटपर्यंत आवळूनही ती सरळ होत नाही. नेकला पीळ पडला असेल, तर ट्रस रॉडचा काहीच उपयोग नसतो. म्हणून 'जेव्ही' या दोन अक्षरांना आपोआप लाख रुपये मिळत नाहीत. बालाघाट यांनी सांगितलेला धोका खरा आहे, हे मी मान्य करतो.

परंतु तो धोका सांगता येण्यासारखा आहे. 'वाद्य चांगल्या जातीचे आहे, निरोगी असते तर इतके आले असते, नेक वाकली आहे म्हणून मी इतके देतो' असे बोलायला पाच मिनिटे लागतात, आणि या वाक्यात व्यापाऱ्याचे सगळे ज्ञान मोलासह मोजले जाते.

मांजराकाठ (लातूर)

कायदा काय म्हणतो, हे येथे नोंदवणे आवश्यक वाटते. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 17 मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे. तिच्या स्पष्टीकरणानुसार, समोरच्याच्या करार करण्याच्या तयारीवर परिणाम करू शकेल अशा गोष्टीबाबत केवळ मौन बाळगणे ही फसवणूक नव्हे. याला दोन अपवाद आहेत. परिस्थिती पाहता बोलणे हे कर्तव्य असेल, किंवा ते मौनच बोलण्यासारखे असेल, तर गप्प राहणे फसवणूक ठरते. त्याच कलमाखालच्या एका उदाहरणात दोन व्यापारी करार करतात. त्यांपैकी एकाला भावातील बदलाची खाजगी माहिती असते, आणि ती दुसऱ्याला सांगण्यास तो बांधील नाही असे तेथे म्हटले आहे. शिवाय कलम 20 चे स्पष्टीकरण असे आहे की वस्तूच्या मूल्याविषयीचे चुकीचे मत ही वस्तुस्थितीविषयीची चूक मानली जात नाही. त्यामुळे परभणीचा व्यवहार, जसा सांगितला आहे तसाच झाला असेल तर, कायद्याच्या आधारे मोडणे कठीण आहे. नीतीचा निवाडा प्रत्येकाने आपापला करावा. मी येथे खरेदीदाराच्या बाजूने झुकतो, कारण विक्रीपूर्वी चार ठिकाणी विचारणे हे विकणाऱ्याचेही काम आहे.

दुधना (जालना)

माझे वडील लग्नसराईत आणि जयंतीच्या कार्यक्रमांत बेस वाजवत असत, आणि त्यांच्या पश्चात वाद्य विकण्याचे काम माझ्याकडे आले. म्हणून मी विकणाऱ्यांच्या बाजूने बोलते.

मांजराकाठ यांनी दिलेल्या उदाहरणात दोघेही व्यापारी आहेत. आमच्यासारखी घरे व्यापारी नाहीत. ज्याच्याकडे विचारायला जावे असा माणूसच आमच्या ओळखीत नसतो, कारण ज्याला विचारले असते तोच घरातून गेलेला असतो. 'चार ठिकाणी विचारावे' हे म्हणायला सोपे आहे, पण जालन्यात, हिंगोलीत किंवा बीडमध्ये जुन्या बेसची पारख करणारी चार ठिकाणे कोणती, हे त्यांनी सांगावे. घरी आलेल्या खरेदीदाराला आम्ही पहिला प्रश्न 'दादा, याचे काय येईल?' असाच विचारतो. आमच्या दृष्टीने तो सल्ला असतो. समोरचा जाणकार आहे म्हणून आम्ही त्याच्यावर विसंबतो. ज्या क्षणी त्याने त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला घेतले, त्या क्षणी तो केवळ ग्राहक राहिला नाही. अशा वेळी बोलणे हे कर्तव्य ठरत नसेल, तर ते कधी ठरणार?

हॉफ्नरच्या उदाहरणाबद्दलही मला हरकत आहे. ज्यांनी ती बेस शोधली त्यांनी ती स्वस्तात घेऊन महागात विकली नाही, मूळ मालकाला परत मिळवून दिली. त्यांच्या ज्ञानाचा मान मोठा आहे तो त्यामुळेच.

दखनी (छत्रपती संभाजीनगर)

या चर्चेत वाजवणारे कोठेच आलेले नाहीत. मी भीमगीतांच्या पार्टीत बेस वाजवतो. 14 जानेवारीचा नामविस्तार दिन आणि 14 एप्रिलची जयंती या दोन तारखांच्या आसपास आमच्याकडे इतके कार्यक्रम असतात की चांगले वाद्य आणि चांगला अ‍ॅम्प्लिफायर असलेल्याला उसंत मिळत नाही. तरीही अनेक पार्ट्यांत बेसचे काम कीबोर्डवादकाच्या डाव्या हातावर सोपवलेले दिसते, कारण नव्या मुलांना परवडेल असे दमदार वाद्य सापडत नाही. जी जुनी वाद्ये येथल्या मंचांवर वाजली, ती पुण्या-मुंबईच्या काचेच्या कपाटात जाऊन बसतात. घरच्यांना खरा भाव कळावा हे मला मान्य आहे. पण प्रत्येक वेळी सर्वोच्च भावच खरा मानला, तर येथला एकही वादक त्या रांगेत उभा राहू शकणार नाही. वादकाला दिलेली किंमत आणि संग्राहकाला लावलेली किंमत वेगळी असण्यात मला गैर वाटत नाही, फक्त तो निर्णय जाणूनबुजून घरच्यांनी घ्यावा.

खर्जस्वर (परभणी)

दखनी यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. माहिती दिल्यावर एखाद्या माउलीने ठरवले की यजमानांची बेस गावातल्याच पोराने वाजवावी आणि म्हणून ती दहा हजारांत दिली, तर तो तिचा दिलदारपणा आहे. माहिती न देता तीच वस्तू आठ हजारांत नेली, तर तिच्याकडून तो दिलदारपणा न विचारता काढून घेतला आहे.

बालाघाट आणि सोल्डर यांनी सांगितलेल्या धोक्यावर मला एक मार्ग दिसतो. वाद्य विकत न घेता विक्रीसाठी ताब्यात घ्यावे, दुरुस्तीचा खर्च आधी वळता करावा आणि उरलेल्या रकमेत आधी ठरलेला वाटा घ्यावा. नेक वाकलेली निघाली तर नुकसान एकट्या व्यापाऱ्याचे होणार नाही, आणि भाव चांगला आला तर घरच्यांना तो कळेल.

बालाघाट (अंबाजोगाई)

दुधना यांच्या प्रश्नाला मी टाळणार नाही. 'याचे काय येईल?' असे थेट विचारल्यावर जाणूनबुजून खोटा आकडा सांगणे मी चूक मानतो, आणि या धंद्यातील जो कोणी तसे करतो त्याची बाजू मी घेणार नाही. मला माहीत असलेला भाव मी त्या वेळी सांगेन, दोष सांगेन आणि माझा देकार देईन. मात्र विकणाऱ्याने स्वतः आकडा सांगितला आणि तो मला परवडला, तर त्याला थांबवून 'अधिक मागा' असे म्हणण्याचे बंधन मी अजूनही मानत नाही.

वाट्याने विक्री करण्याची सूचना हलक्या वाद्यांपुरती ठीक आहे. अ‍ॅम्प्लिफायरला ती लागू होत नाही. 1969 मध्ये आलेल्या अँपेग एसव्हीटीसारखा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. 300 वॅट, 14 व्हॉल्व्ह (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या) आणि आठ स्पीकरांचे कपाटाएवढे खोके असा तो संच असतो. तो नुसता ठेवायला खोली आणि उचलायला माणसे लागतात. दुसऱ्याच्या मालकीची अशी वस्तू कोणताही व्यापारी महिनोन्‌महिने सांभाळणार नाही.

सोल्डर (नांदेड)

अ‍ॅम्प्लिफायरचा विषय निघालाच आहे, तर तेथे बोलण्याचे बंधन विकणाऱ्यावर अधिक आहे आणि ते भावापेक्षा कडक असावे, असे माझे मत आहे. अमेरिकेत वीज 120 व्होल्टची, जपानमध्ये 100 व्होल्टची, आपल्याकडे 230 व्होल्टची. बाहेरून आलेल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, किंवा आतल्या ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग येथे कोणीतरी बदललेले असते. ते बदलले आहे की नाही, अर्थिंगची तार जोडलेली आहे की कापलेली, स्पीकर 4 ओहमचा आहे की 8 ओहमचा, हे न सांगता विकणे म्हणजे वादकाचा जीव धोक्यात घालणे आहे. मंडपात जनरेटरवर वाजवताना वादकाची बोटे तारांवर आणि ओठ माइकला लागलेले असतात. अर्थिंग नसेल, तर झटका थेट तेथे बसतो. प्लग काढल्यानंतरही व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) विजेचा जीवघेणा दाब उरलेला असू शकतो, त्यामुळे घरच्या मुलांनी पाठीमागचे फळकूट उघडून फोटो काढू नयेत. स्पीकर जोडल्याशिवाय तो चालू करून पाहू नये, कारण त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि विकण्याजोगी वस्तू भंगारात जाते.

माझ्याकडे पारखायला आलेल्या प्रत्येक वाद्याबरोबर मी एक चिठ्ठी लिहून देतो. वाद्य कोणत्या कंपनीचे, अंदाजे काळ, बदललेले भाग, नेकची अवस्था आणि अ‍ॅम्प्लिफायर असेल तर व्होल्टेज व ओहम एवढे त्यात असते. भाव मी लिहीत नाही, कारण तो दर हंगामात बदलतो. चिठ्ठी हातात असलेल्या माणसाला दुसऱ्या गावच्या खरेदीदाराला फोनवरून विचारता येते.

दुधना (जालना)

ती चिठ्ठी खरेदीदार येण्यापूर्वी घरात असली पाहिजे, त्याने स्वतः लिहिलेली नव्हे. बालाघाट यांनी विचारल्यावर खरे सांगण्याचे मान्य केले, याची मी कदर करते. पण स्वतःहून आकडा सांगणारा माणूसही बहुतेक वेळा अज्ञानातूनच तो सांगत असतो, आणि त्यांचा अपवाद नेमका त्याच माणसाला उघड्यावर सोडतो. त्या मुद्द्यावर माझी हरकत कायम आहे.