मदत हवी आहे: कास पठार, १४ सप्टेंबर, कुठला टप्पा घेऊ?

ठाणे_लोकल
रविवारी १४ सप्टेंबरला साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं बघायला जायचंय. बुकिंगमध्ये सकाळी ७ ते ११ चा टप्पा भरलाय. ११ ते ३ आणि ३ ते ६ शिल्लक दिसतोय. कुठला घेऊ? त्याच दिवसात ठोसेघरचा धबधबा, वासोटा किल्ला आणि जमलं तर महाबळेश्वरही उरकायचंय, तर क्रम सांगा. कृपया "गूगल करा" म्हणू नका, करून झालंय. पैसे आजच भरायचेत.

सातारी_तर्री
कुठून निघणार, किती जण, गाडी स्वतःची की एसटी, मुक्काम आहे की नाही, यातलं काहीच सांगितलं नाहीत. क्रम काय डोंबल सांगणार?

तोवर वासोटा यादीतून खोडा. पावसाळ्यात वनखातं तिकडे सोडत नाही. सोडलं असतं तरी बामणोलीहून लाँचने दीडेक तास, उतरून जंगलातून दोन-अडीच तास चढ आणि तेवढंच परत. तो स्वतंत्र दिवसाचा कार्यक्रम आहे.

कातळवेडा
रविवार सोडा, मंगळवार-बुधवार धरा. दिवसाला ठरावीक माणसंच सोडतात हे खरं, पण शनिवार-रविवारी ती सगळी आणि शिवाय बुकिंग न करता आलेली, अशी गर्दी साताऱ्याहून कासला चढणाऱ्या यवतेश्वरच्या घाटात अडकते. मधल्या वारी तोच रस्ता पाऊण तासाचा.

ठाणे_लोकल
मधल्या वारी जमणार नाही, सुट्टी नाही. ठाण्याहून स्वतःच्या गाडीने. पहाटे ४ ला निघू. आता सांगा, ११ की ३?

सातारी_तर्री
किती जण हे अजून गुलदस्त्यातच आहे. असो. पहाटे ४ ला ठाणं सोडलंत तर एक्सप्रेसवे, पुणं आणि खंबाटकी धरून साडेनऊ-दहाला सातारा. पुढे पठार २५ किलोमीटरच्या आसपास, पण रविवारी त्याला तास-सव्वा तास द्या. म्हणजे ११ ते ३ च बसतो.

३ ते ६ दोन कारणांनी नको. एक, दुपारनंतर ढग उतरले की पठारावर दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. दोन, कुमुदिनीच्या तळ्यातली फुलं दुपारनंतर मिटायला लागतात. जाऊन नुसती पानं बघायची असतील तर खुशाल घ्या.

अ‍ॅपर्चर_अण्णा
कॅमेऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. गेंद म्हणून पठारावर बुटकं रानफूल असतं, ते पांढरं, कॅमेरा ऑटोवर सोडलात तर पांढरा नुसता डाग येतो. एक्सपोजर उणे ०.७ वर ठेवा. पानं ओली असल्याने चमक मारते, ती कापायला पोलरायझर फिल्टर लावा. मोबाइलवाल्यांनी मॅक्रो लावून ऊन असेल तर आपलीच सावली फुलावर पाडावी आणि वारा थांबेपर्यंत थांबावं. गुडघा टेकायचा तो उघड्या कातळावर. एका फोटोसाठी पोटावर झोपणारे दोनशे रोपं चिरडतात.

ठाणे_लोकल
अण्णा, धन्यवाद, पण कॅमेरा नेत नाहीये. आम्ही चौघं आहोत, आम्ही दोघं आणि आईबाबा. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालीय, काठी घेऊन चालते. पण त्याचा बुकिंगशी काय संबंध?

सातारी_तर्री
अहो, सगळा संबंध तिथेच आहे!

हंगामात गाडी थेट पठारावर नेऊ देत नाहीत. वाहनतळावर लावायची आणि तिथून बसने जायचं. त्या बसची पायरी उंच असते, मागून धक्के मारणारी गर्दी असते. काकूंना आधी बसवा, काठी खाली उभ्या माणसाच्या हातात ठेवा. स्वच्छतागृह वाहनतळाजवळच आटपून घ्या, आत शिरल्यावर सोय नाही. आत जांभ्याचा कातळ आहे, खड्ड्याखड्ड्यांचा, त्यावर ओलं शेवाळ. रबरी बुडाची काठी त्यावर हमखास घसरते, काठी असली तरी दुसऱ्या बाजूने कुणाचा तरी हात हवाच. कुमुदिनी तळं प्रवेशद्वारापासून जुन्या राजमार्गाने दीड-दोन किलोमीटर आत. तेवढंच परत. काकूंना ते नको.

नाराज व्हायचं कारण नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना, शंभर-दोनशे पावलांत बहुतेक सगळं दिसतं. तासभर पुरे. तळं बाबांना आणि तुम्हाला बघायचं तर आळीपाळीने जा, काकूंसोबत एक जण थांबा.

हिमशिखर७
गुडघे धड असतील त्यांनी कास कशाला, उत्तराखंडातली फुलांची घाटीच करावी. गोविंदघाटहून घांगरिया, तिथून रोज सकाळी आत आणि संध्याकाळी बाहेर. आत मुक्कामाला बंदी. १ जूनला उघडते, ३१ ऑक्टोबरला बंद. जुलै-ऑगस्टमध्ये दरड कोसळून रस्ता अडतो, म्हणून परतीच्या तिकिटाला दोन दिवस जास्तीचे धरा.

कातळवेडा
@हिमशिखर७, गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या बाईंना ३००० मीटरवर चढवताय? धाग्याचं शीर्षक तरी वाचा.

हिमशिखर७
"गुडघे धड असतील त्यांनी" असंच लिहिलंय. तुम्हीही प्रतिसाद पूर्ण वाचत चला.

रानवाट
तुलना निघालीच आहे तर दोन्हीकडे अडचण एकच झाली. तिकडे १९८२ ला राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई बंद केली, तर पॉलिगोनम नावाचं तण माणसाच्या उंचीचं माजलं. आता वनखात्याला ते उपटावं लागतं. कासलाही जाळीचं कुंपण घालून गुरं अडवली आणि उंच गवत वाढलं. गेंद, सीतेची आसवं ही बोटभर उंचीची झाडं, गवताच्या सावलीत मरतात.

कातळवेडा
इतकं सरळ नाहीये ते. कुंपण आलं ते लोक गाड्या थेट फुलांवर घालत होते म्हणून. गुरं आत सोडा आणि माणसांनाही मोकळं सोडा, मग फुलांचा गालिचा कुठे राहील? चराई हवी ती फुलोरा संपल्यावर, मोजून.

रानवाट
"मोजून" कोण मोजणार? भोवतालच्या गावांची समिती आहे, त्यांच्या गुरांच्या वाटा शतकानुशतकं ठरलेल्या होत्या.

ठाणे_लोकल
मालक, चराईचा वेगळा धागा काढा ना. १४ तारखेला फुलं असतील का नक्की? मागच्या वर्षी ओळखीतले जाऊन "नुसतं गवत बघितलं" म्हणाले.

रानवाट
त्यांनी उभ्यानं बघितलं असणार. गालिच्याचे जे फोटो फिरतात ते जमिनीलगत कॅमेरा ठेवून काढलेले असतात, त्यामुळे मधलं गवत झाकलं जातं. प्रत्यक्षात रंग पट्ट्यापट्ट्यांनी असतात आणि पट्टे पाण्यावर ठरतात. कातळावर मातीचा थर बोटभरही नाही तिथे गेंद आणि सीतेची आसवं. माती थोडी जाड तिथे तेरडा, कवला, म्हणजे ज्याला सगळे मिकी माउस म्हणतात तो. सोनकी कडेकडेने, आणि ती महिनाअखेरीला जोर धरते. चवर ऑगस्टमध्येच ओसरते, ती शोधत बसू नका.

काकूंना खुर्चीसारखी घडीची तिपाई द्या आणि कातळावर पाणी झिरपतंय अशा जागी बसवा. आसवांचं जांभळं फूल एक सेंटिमीटरच्या आतलं, पण घोळक्याने येतं. त्याच्या बुडाशी, चिखलात, खसखशीएवढ्या पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडावरच्या केसाला एखादा सूक्ष्म जीव लागला की झडप आत उघडते आणि पाण्याबरोबर तो ओढला जातो. या मातीत नायट्रोजन जवळपास नाहीच, झाड तो असा मिळवतं. शेजारीच लालसर चिकट थेंबांचं दवबिंदू सापडेल, तेही किडेच खातं. उपटून बघू नका म्हणजे झालं.

फुलं असणार, प्रश्न उन्हाचा आहे. आदल्या दोन दिवसांत झोडपून पाऊस झाला तर तेरडा झडलेला दिसेल.

पवनचक्की
कास-कास काय लावलंय? चाळकेवाडीला जा. तोच सडा म्हणजे कातळाचं पठार, तीच फुलं, बुकिंग नाही, गाडी कडेला लावा, शिवाय वाटेत ठोसेघर.

सातारी_तर्री
काकूंसाठी चाळकेवाडी नको. वारा असा की छत्री उलटी होते, बसायला आडोसा नाही. ठोसेघरलाही धबधबा बघायच्या सज्ज्यापर्यंत पायऱ्या आहेत, आणि सज्जनगडावर तर त्याहून जास्त. शिवाय नकाशात शेजारी दिसलं तरी कास आणि ठोसेघर एका वाटेवर नाहीत. कासहून परत साताऱ्यात उतरायचं, समर्थ मंदिरापासून बोगद्यातून पलीकडे जायचं. रविवारी संध्याकाळी हे केलंत तर ठाणं मध्यरात्रीनंतर.

त्यापेक्षा शनिवारी दुपारी निघून साताऱ्यात मुक्काम करा. रविवारी आरामात नाश्ता, साडेनऊला यवतेश्वर, ११ ला आत, दीडला बाहेर. जमलं तर पुढे कास तलाव गाडीतूनच बघा. साताऱ्याला पाणी तिथून येतं.

छत्री नको, रेनकोट. आणि बुकिंगचा स्क्रीनशॉट साताऱ्यातच काढून ठेवा. वर रेंज येते-जाते, दारावर लोक मोबाइल हवेत धरून उभे असतात.

ठाणे_लोकल
११ ते ३, चौघांचं घेतलं. शनिवारी मुक्काम बघतो. ठोसेघर, वासोटा रद्द. महाबळेश्वर सोमवारी सकाळी होईल का?

कातळवेडा
सोमवारी सुट्टी नाही म्हणाला होतात ना? सुट्टी असेल तर कासच सोमवारी करा!

ठाणे_लोकल
अर्धी रजा आहे. पैसे भरून झालेत.

सातारी_तर्री
अर्ध्या रजेत महाबळेश्वर करून दुपारी ठाण्यात? घरीच थांबा की मग. रविवारी उतरल्यावर सरळ परत निघा. चारच्या आत सातारा सोडलंत तर खंबाटकीपर्यंत तरी रस्ता मोकळा मिळेल, पुढे लोणावळ्याचं घाटातलं ट्रॅफिक कुणाला चुकलंय?

वहिनी_नगरकर
टोपली कारवी यंदा फुलणार आहे का हो?

रानवाट
ती सात वर्षांनी एकदा फुलते. वनखात्याच्या लोकांना दारावर विचारा, कुठला पट्टा आलाय ते तेच सांगतील.

पवनचक्की
आणि कंदी पेढे कुठल्या दुकानातले घ्यायचे?

सातारी_तर्री
यावर धागा सुरू करू नका, सातारकरांत मारामारी होईल.