कलापूरच्या आठवणीत गुलाबबाई आणि अनसूयाबाई कुठे आहेत?

रंकाळावेस (धागाकर्ता)

२०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा अख्खं कोल्हापूर हळहळलं. त्याआधी २०२२ मध्ये जयप्रभा स्टुडिओच्या जागेसाठी कलाकार उपोषणाला बसले, तेव्हाही गाव त्यांच्या मागे उभं राहिलं. दोन्ही वेळी मी लोकांच्या तोंडून तीच नावं ऐकली. बाबूराव पेंटर, भालजी पेंढारकर, व्ही. शांताराम, मास्टर विनायक, लतादीदी. ही माणसं मोठीच होती, त्याबद्दल दुमत नाही. पण वास्तू वाचवायला आपण रस्त्यावर उतरतो आणि या गावात सिनेमासाठी ज्यांनी पहिल्यांदा तोंडाला रंग लावला त्यांचं नावही घेत नाही, हे मला सहन होत नाही. त्यातही गुलाबबाई-अनसूयाबाईंसारख्या बायकांचं तर नाहीच नाही.

बाबूरावांच्या इथल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा मूकपट 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० ला पुण्यात आर्यन थिएटरला लागला. कीचकवध इतका खरा वाटला की सरकारनं त्या प्रसंगाला कात्री लावली. टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. तिचा दुसरा भाग कुणी सांगत नाही.

तेव्हा पडद्यावरच्या बायका म्हणजे बहुधा लुगडं नेसलेले पुरुष. बाबूरावांनी ठरवलं की स्त्रीची भूमिका स्त्रीच करणार. गुलाबबाई आणि अनसूयाबाई पुढे आल्या. झालं काय, तर त्यांच्याच समाजानं त्यांना वाळीत टाकलं आणि कंपनीच्या आवारातच त्यांना बिऱ्हाड करावं लागलं. दिवसभर चित्रीकरण आणि रात्री झोपायलाही तीच जागा, कारण बाहेर कुणी दारात उभं करत नव्हतं. पडद्यावर नावं आली ती कमलादेवी आणि सुशीलादेवी.

१९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये कमलादेवी होत्या, झुंझारराव पवार होते आणि कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणाऱ्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम होते. शांतारामांचं पुढचं आयुष्य आपल्याला पाठ आहे. कमलादेवींचं कुणी सांगू शकेल का?

१९३२ मध्ये याच गावात प्रभात फिल्म कंपनीनं 'अयोध्येचा राजा' केला. दुर्गा खोटे तारामती झाल्या आणि प्रतिष्ठित घरातल्या मुलींना सिनेमाची वाट मोकळी झाली असं आपण अभिमानानं सांगतो. खरंच आहे ते. पण त्या वाटेवरचे काटे बारा वर्षं आधी कुणाच्या पायात रुतले होते?

माझी मागणी साधी आहे. खरी कॉर्नरला बाबूरावांच्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. तिथे किंवा नाट्यगृहात या दोघींच्या नावाचा फलक लागावा, आणि तो शहरानं रीतसर ठराव करून लावावा. नुसती हळहळ पुरे झाली. पटत नसेल त्यांनी मोकळेपणानं लिहावं.

जुनापटकर

मला पटत नाही, आणि कारणं देतो.

एक तर त्या पहिल्या नाहीत. फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये १९१३ मध्येच दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी काम केलं होतं. कमलाबाई पुढे गोखले झाल्या. तेव्हा 'सैरंध्री'च्या बाबतीत इतिहास घडवल्याचा सूर जरा बेतानं लावावा.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कलाकार आठवतो तो त्याच्या कामामुळे. आपल्याकडे हजाराहून जास्त मूकपट झाले आणि पूर्ण स्वरूपात हाती उरले ते बोटांवर मोजण्याइतके. नायट्रेटची फिल्म, ठिणगी पडायचा अवकाश की पेटायची. उरली ती दमटपणानं चिकटली, नाहीतर चांदी काढायला विकली गेली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं १९६४ मध्ये, तोवर उशीर झाला होता. गुलाबबाईंनी द्रौपदीचा अपमान कसा दाखवला, डोळे कसे वापरले, यातलं काही तुम्हीआम्ही पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या अभिनयाचा गौरव कसा करणार? तो गौरव त्यांनी सोसलेल्या हालांचा होईल. कलावंताला निव्वळ हालांसाठी आठवणं मला तरी कमीपणाचं वाटतं.

आणि बाबूरावांवर अन्याय नको. गावानं दार लावलं तेव्हा त्यांनीच आसरा दिला ना?

पंचगंगाकाठ

जुनापटकर, काम उरलं की माणूस आठवतो हे तुमचं गृहीतकच मला मान्य नाही. 'संत तुकाराम' १९३६ चा. दामले आणि फत्तेलाल, दोघंही कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले. १९३७ मध्ये व्हेनिसला त्याची दखल घेतली गेली. चित्रपट आजही बघायला मिळतो. त्यातली आवली आठवा. म्हशीशी बोलणारी, विठ्ठलाला शिव्या घालणारी, पोराला बरं वाटेना तेव्हा त्याला काखेत घेऊन दुसऱ्या हातात पायताण धरून देवळात शिरणारी. तसं काम मराठी पडद्यावर फार थोड्यांना जमलं. ती बाई प्रभातमध्ये एक्स्ट्रा म्हणून आली होती. नाव गौरी, एवढंच. काम शाबूत, चेहरा घराघरात ओळखीचा, आणि तरी तिच्याबद्दल आपल्याला चार ओळी लिहिता येत नाहीत. मग फिल्म जळाली हे कारण कसं पुरेल?

उलट मास्टर विठ्ठलांचं बघा. ते आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतच फिल्म जोडायचं काम करायचे आणि 'कल्याण खजिना'त पडद्यावर पहिल्यांदा आले ते नाचणारी बाई होऊन. पुढे मुंबईत स्टंटपटांचे राजे झाले. 'आलम आरा'चा नायक म्हणून घेतलं तेव्हा आधीच्या कंपनीनं करारभंगाचा खटला भरला आणि त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले बॅरिस्टर जिना. १४ मार्च १९३१ ला देशातला पहिला बोलपट लागला आणि त्याच्या नायकाला बोलायला फारसं नव्हतंच. हिंदी-उर्दू जिभेवर बसेना, म्हणून त्यांचं पात्र बराच वेळ अर्धवट शुद्धीत ठेवलं. पुढे मराठी चित्रपटांत बारीकसारीक भूमिका करत राहिले आणि १९६९ मध्ये गेले. 'आलम आरा'ची फिल्म आज अस्तित्वात नाही, तरी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात विठ्ठलांचं नाव आहे.

म्हणजे नाव उरतं ते कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून. धागाकर्त्याचं म्हणणं मला बरोबर वाटतं. फक्त यादीत तानीबाई कागलकरांचं नाव घाला. बाबूरावांकडे हुन्नर होता, कॅमेरा त्यांनी स्वतः घडवला, पण कंपनी उभी करायला पैसा दिला तो या गाणाऱ्या बाईनं.

शाहूपुरी तिसरी गल्ली

फलकानं काय हुतंय सांगा की. आमच्याकडं फलक लई हाईत, वाचतंय कोण?

मला गणपत पाटलांचं बोलायचं हाय. त्यांना कोण विसरलं म्हणतंय? अजून जत्रंत, गॅदरिंगला पोरं टाळी वाजवून 'आत्ता गं बया' म्हणत्यात. तमाशापटात नाच्या म्हटलं की तेच. पण माणूस कसा आठवला गेला ते बघा. बायकापोरं असलेला, संसारी माणूस. पडद्यावर इतकं हुबेहूब केलं की लोकांनी खऱ्यातबी तसंच धरलं. रस्त्यानं चाललं तरी मागनं टाळ्या. घरच्यांनाबी सोसायला लागलं. दुसरी भूमिका कुणी द्यायचं धाडस केलं न्हाई. २००८ ला गेले तवा पेपरात फोटो आला, त्योबी त्याच हावभावाचा.

तवा माझं म्हणणं असं, की विसरण्यापेक्षा हे वाईट. तुम्ही उद्या गुलाबबाईंचा फलक लावाल आन त्यावर लिवाल 'समाजाने वाळीत टाकलेली अभिनेत्री'. म्हंजे शंभर वर्सांनी पुन्यांदा त्याच खुंटीला बांधली तिला.

धाकटी नात

माझं मत इथल्या कुणाशीच जुळणार नाही बहुतेक.

माझी आजी जयप्रभात मॉबमध्ये उभी राहायची. भालजींच्या ऐतिहासिक चित्रपटात गावातल्या बायका लागायच्या, लढाईला निघालेल्यांना ओवाळायला, नाहीतर गाव लुटलं की पळायला. पहाटे उठून भाकऱ्या थापून ठेवायच्या, नऊवारी स्टुडिओतली, कपाळावर आडवं कुंकू, उन्हात तासन्‌तास थांबायचं आणि संध्याकाळी रोजाचे पैसे पदराला बांधून घरी. हे सगळं मला आईकडून कळलं, तेही आजी गेल्यावर. आजीनं हयातीत कधी तोंडातून काढलं नाही. टीव्हीवर तो चित्रपट लागला की उठून आत जायची. ती शेवटपर्यंत 'मी शिवणकाम करत होते' एवढंच सांगायची.

तेव्हा मला विचारायचंय, आपण कुणासाठी हे करतोय? गुलाबबाईंनी पडद्यावर दुसरं नाव घेतलं. कदाचित कंपनीनं दिलं असेल, कदाचित त्यांनाही ते हवं असेल. घरच्यांना त्रास नको म्हणून असेल. ज्या बाईनं आपलं खरं नाव मागे ठेवलं, ते चौकात कोरायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? न आठवलं जाण्याचाही हक्क असतो. माझ्या आजीनं तो जपला आणि मी तिचं नाव इथे लिहिणार नाही.

रंकाळावेस (धागाकर्ता)

धाकटी नात, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या आजीचं नाव तुम्ही लिहू नये हे शंभर टक्के मान्य. ती तुमच्या घरातली गोष्ट. पण आजी टीव्हीसमोरून उठून का जायच्या? त्यांनी काही वाईट केलं होतं का? उन्हात उभं राहून घामाचे पैसे आणले होते. लाज त्यांना वाटली, पण ती घातली कुणी? तुमच्यामाझ्या पणज्यांनी, शेजाऱ्यांनी, गल्लीनं. आज आपण गप्प बसलो तर ती लाज तशीच पुढे जाते, त्यांचा हक्क म्हणून नव्हे तर आपली सोय म्हणून.

आणि गुलाबबाई मॉबमध्ये नव्हत्या. मुख्य भूमिका करत होत्या. नाव इतिहासात नोंदलेलं आहे, मी ते कुठल्या घरातून उकरून काढलेलं नाही.

जुनापटकर, १९१३ च्या दुर्गाबाई-कमलाबाई आधीच्या, हे मान्यच. मी 'पहिल्या' म्हणून मागतच नाही. पहिला नंबर आला तरच फलक, हा नियम कुस्तीच्या फडात ठीक आहे. या गावात, त्या दिवसांत, त्या दोघी उभ्या राहिल्या, म्हणून 'सैरंध्री' झाला आणि कोल्हापूरचं कलापूर झालं. बाबूरावांनी आसरा दिला, त्याचा मोठेपणा आहेच. पण ज्यांना आसरा लागला त्यांची हिंमत त्याहून कमी कशी?

गणपत पाटलांबद्दल लिहिलंत ते काळजाला लागलं. फलकावर 'वाळीत टाकलेली' असलं काही नको, इतकं माझ्याकडून पक्कं.

संकलक

भांडण चालू द्या, पण तेवढ्यात काही करता येण्यासारखं आहे ते सांगतो.

पूर्वी थिएटरच्या दारात चित्रपटाची पुस्तिका विकत मिळायची. गोष्टीचा सारांश, गाणी आणि पात्रांची यादी. दुय्यम भूमिकांची नावं कित्येकदा एवढ्या एकाच ठिकाणी छापलेली असतात. कोल्हापूर सिनेटोन, शालिनी, हंस पिक्चर्स, सगळ्यांच्या पुस्तिका निघायच्या. त्या आजही जुन्या घरांच्या ट्रंकांत आहेत आणि माळे आवरले की रद्दीत जातात. स्टुडिओतल्या कामगारांच्या घरी हजेरीच्या वह्या, सेटवरचे फोटो, मागे पेन्सिलीनं लिहिलेली नावं सापडतात. आधी ते गोळा करा, स्कॅन करा. दगडावर चार नावं कोरण्यापेक्षा चारशे नावं कागदावर पक्की करणं मला मोलाचं वाटतं. फलकाला विरोध नाही, पण पैसा आणि माणसं मर्यादित असतील तर मी आधी ट्रंका उघडीन.

एक उदाहरण. 'ब्रह्मचारी' १९३८ चा, हंस पिक्चर्सचा, कोल्हापुरात झालेला. मीनाक्षी शिरोडकर म्हटलं की लोक पोहण्याच्या पोशाखावर येऊन थांबतात. त्यांनी आणखी काय काय केलं ते अशा कागदांतूनच नीट मांडता येईल.

जुनापटकर

संकलक यांच्याशी पूर्ण सहमत. हेच मला म्हणायचं होतं: आधी पुरावा, मग सन्मान. धागाकर्त्यांनी हट्ट सोडावा.

रंकाळावेस (धागाकर्ता)

सोडणार नाही. पुस्तिका गोळा करायला मी स्वतः येतो, रविवार त्याच कामाला देतो. पण 'आधी हे, मग ते' म्हणत शंभर वर्षं गेली. बाबूरावांच्या कॅमेऱ्याचा स्तंभ उभारताना आधी सगळ्या फिल्म सापडू देत असं कुणी म्हटलं होतं का? त्यांचेही बहुतेक मूकपट नाहीसेच झालेत. पुरुषाला जी सवलत मिळाली ती बायकांना नाही, एवढंच मला दिसतं.

शाहूपुरी तिसरी गल्ली

ह्यो मुद्दा बराबर हाय. मी आधी फलकाला नको म्हटलं, अजूनबी मन पूर्ण वळलं न्हाई. पण स्तंभ चालतोय आन फलक चालत न्हाई, असं म्हणता येत न्हाई. लावायचाच असंल तर मजकूर आधी हितं टाका, आम्ही बघणार.

रंकाळावेस (धागाकर्ता)

टाकतो. कच्चा मजकूर असा: 'गुलाबबाई (कमलादेवी) आणि अनसूयाबाई (सुशीलादेवी). महाराष्ट्र फिल्म कंपनी, कोल्हापूर. सैरंध्री, १९२०.' पुढे विशेषण नाही, कणव नाही.

धाकटी नात

मजकूर बरा आहे. पण कंसात काय आणि कंसाबाहेर काय, यावर मी अडणार. पडद्यावर ज्या नावानं त्या उभ्या राहिल्या ते कंसाबाहेर असावं. कलाकार म्हणून तेच त्यांचं नाव.

पंचगंगाकाठ

मला उलट वाटतं. वाळीत टाकली गेली ती गुलाबबाई. कमलादेवीला तर लोक तिकीट काढून बघत होते.