आठवीतल्या मुलीला आकाश शिकायचंय, नेटवर सुरुवात कुठून करावी?

वर्षा_अंबाजोगाई:
नमस्कार. चांद्रयान-३ चंद्रावर उतरताना शाळेत दाखवलं, तेव्हापासून लेकीला हाच ध्यास लागलाय. यूट्यूबवर शोधलं की ‘एलियन सापडले’ नाहीतर राशिभविष्य पुढे येतं. मला यातलं काही कळत नाही. घरी जुना लॅपटॉप आहे, नेट मोबाइलचंच. घर गावाबाहेर, गच्चीवर मिट्ट काळोख असतो. आधी दुर्बीण घ्यावी का?

नभांगण:
ताई, दुर्बीण आत्ता नको. तो मिट्ट काळोख हीच तुमची श्रीमंती आहे, आम्हा पुणेकरांना त्यासाठी गाडी काढून लांब जावं लागतं.

लॅपटॉपवर स्टेलेरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. फुकट आहे आणि एकदा बसवलं की नेटशिवाय चालतं. त्यात ठिकाण अंबाजोगाई टाका, रात्रीचे आठ वाजवा, आणि आज काय दिसणार ते लेकीला आधी पडद्यावर शोधू द्या. मग गच्चीवर. तिथे मोबाइल बंद ठेवा, डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात.

दिवाळीच्या सुट्टीत अमावास्या असते, चंद्राचा अडथळा नाही. उत्तरेला शर्मिष्ठा या तारकासमूहाचा इंग्रजी एम (M) शोधा. त्याच्या दोन टोकांपैकी जास्त अणकुचीदार टोक जिकडे रोखलेलं असतं, तिकडे देवयानी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा एक प्रचंड समूह (गॅलक्सी) आहे. नुसत्या डोळ्यांनी पुसट ढगासारखी दिसते. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. हे तिला स्वतःचं स्वतः सापडू दे, बोट दाखवू नका. मी पहिल्यांदा पाहिली ती रात्र आजही जशीच्या तशी आठवते.

व्हिडिओच हवे असतील तर आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या यूट्यूब चॅनेलवर शालेय मुलांसाठीची व्याख्यानं बघा.

दीर्घिका_शोध:
थोडं इंग्रजी वाचत असेल तर गॅलक्सी झू ही वेबसाइट. दुर्बिणींनी टिपलेल्या दीर्घिका पाहून आकार सांगायचा, आणि ती उत्तरं शास्त्रज्ञ खरोखर वापरतात. हॅनी व्हान आर्केल या डच शाळाशिक्षिकेला २००७ मध्ये असंच बघताना एका दीर्घिकेशेजारी निळसर डाग दिसला. तो प्रचंड मोठा वायूचा ढग निघाला, आजही तिच्याच नावाने ओळखला जातो.

वर्षा_अंबाजोगाई:
ही गोष्ट लेकीला वाचून दाखवली, ती म्हणाली, ‘लगेच उघड!’ मोबाइलवर चालेल का?

दीर्घिका_शोध:
ब्राउझरमध्ये चालतं. पण लॅपटॉपवर बघू द्या, दीर्घिकांच्या पुसट भुजा मोठ्या पडद्यावरच नीट दिसतात.