आंजर्ले: एप्रिलमध्ये चिखले (प्लोव्हर पक्षी) पाहायला कोणती वेळ?

प्रश्न: एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आंजर्ल्याला येतोय. किनाऱ्यावर कधी जावं? छोटा आणि मोठा सँड प्लोव्हर ओळखायचे कसे?

उत्तर १: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. द्वादशीला सकाळी ९ च्या सुमारास. त्याआधी दीड-दोन तास खाडीच्या मुखाशी बसा. पाणी चढलं की चिखलावर पांगलेले पक्षी कोरड्या वाळूकडे सरकतात. सकाळी ऊन पाठीशी असतं. संध्याकाळी समोरून येतं, नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात.

उत्तर २: आकारावर जाऊ नका, एकटा पक्षी हमखास फसवतो. चोच बघा. मोठ्याची चोच बुडापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतराहून लांब. छोट्याची तेवढीच किंवा आखूड. मोठ्याचे पाय फिकट हिरवट, उडताना बोटं शेपटीबाहेर दिसतात. छातीचा तांबूस पट्टा एप्रिलमध्ये खुलतो. छोट्याचा रुंद असतो. पण पाय चिखलाने माखलेले असले तर रंगावर विसंबू नका.

उत्तर ३: थव्याकडे सरळ चालत जाऊ नका, तिरकं जा. माना वर झाल्या की थांबा. उत्तरेच्या प्रवासासाठी ते आत्ता चरबी साठवतायत, दर उड्डाणात ती जळते. किनाऱ्यावर गाड्या घालणाऱ्यांनाही हे सांगा, प्लीज.