केमोच्या दुसऱ्या सायकलला आईला टाकोत्सुबो झालं, आता पुढची केमो घेता येईल का?

लेक_साताऱ्याची:
आई 63 वर्षांची, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन झालं आणि नंतर केमो चालू केली, ती कमरेला पंप लावून घरी पाठवतात ना 46 तासांसाठी, ती. दुसऱ्या वेळी पंप चालू असतानाच रात्री छातीत दाबल्यासारखं व्हायला लागलं आणि घाम. ईसीजी बघून सगळे अॅटॅक म्हणाले, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते) पण वाढलेलं. अँजिओग्राफी केली तर नळ्या एकदम क्लीन! इकोमध्ये पंपिंग 30 टक्के. टाकोत्सुबो आहे, म्हणजे हृदयाचा स्नायू अचानक कमजोर पडतो, स्ट्रेसने होतं असं सांगितलं आणि डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले. तेव्हापासून दादा मला बोलतोय, तू तिला कॅन्सर आहे हे सांगितलंस म्हणून झालं. खरंच असं असतं का? आणि केमो आता बंद करायची का?

इकोवाला:
मी इको करतो, डॉक्टर नाही, त्यामुळे तेवढंच धरा. स्क्रीनवर हे बघितलं की विसरत नाही, हृदयाचं खालचं टोक फुगून गप्प बसलेलं असतं आणि वरचा भाग मात्र दणादण आकुंचन पावतोय. जपानमध्ये ऑक्टोपस पकडायला असंच मडकं असतं, तोंड निमुळतं आणि बूड गोल, त्यावरून तिथल्या डॉक्टरांनी 1990 मध्ये हे नाव ठेवलं. अॅड्रेनलिनसारखी हार्मोन्स एकदम उसळतात आणि स्नायू बधिर होतो असं मानतात. मेनोपॉजनंतरच्या बायकांमध्येच जास्त दिसतं. बहुतेकांचं पंपिंग काही आठवड्यांत परत वर येतं, पण पहिले काही दिवस मात्र अॅटॅकइतकेच जपायचे असतात.

मीपण_त्यातलीच:
ताई, आधी तुमच्या दादाला हे वाचायला द्या. स्ट्रेस म्हणजे फक्त मनाचा नाही हो, ऑपरेशन, इन्फेक्शन, दुखणं, केमो हा सगळा शरीराचा स्ट्रेसच. झुरिकच्या डॉक्टरांनी चालवलेली टाकोत्सुबोच्या पेशंटच्या नोंदींची मोठी रजिस्ट्री आहे, त्यात साधारण 6 पैकी 1 पेशंटला कॅन्सर होता किंवा आधी होऊन गेलेला, आणि कॅन्सरवाल्यांत मनाला बसलेल्या धक्क्यापेक्षा शारीरिक कारणंच जास्त सापडली. मला ब्रेस्टच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी झालं, तेव्हा तर मी मस्त खिचडी खात बसले होते, टेन्शन कसलं! दीड महिन्याने इको नॉर्मल आला.

केमोवॉर्ड_सिस्टर:
पंपात 5-एफयू हे केमोचं औषध असणार. त्या औषधाने हृदयाच्या नळ्या आवळू शकतात आणि टाकोत्सुबोही होऊ शकतं, म्हणून "नंतर परत चालू करू" असं मोघम उत्तर घेऊन घरी येऊ नका. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्या तरी शरीरात गेल्यावर त्याचंच 5-एफयू होतं, हे लक्षात ठेवा. ऑन्कोलॉजिस्ट आणि कार्डिओलॉजिस्ट यांना एकमेकांशी बोलायला लावा, फाईल घेऊन तुम्ही मधे पळत राहिलात तर निम्मं राहूनच जातं. कधी औषध बदलतात, कधी थांबतात, केमो कायमची बंदच असं काही नसतं. आणि एक, टाकोत्सुबोत ईसीजीवरचा क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्याला तयार होईपर्यंतचा वेळ) लांबतो, उलटीसाठी देतात त्या ओंडानसेट्रॉननेही लांबतो. पुढच्या वेळी आधी ईसीजी काढा म्हणावं. परत छातीत दुखलं तर "मागच्यासारखंच असेल" म्हणून घरी बसायचं नाही, सरळ कॅज्युअल्टी.

लेक_साताऱ्याची:
सिस्टर, पंपाच्या कागदावर बघितलं, 5-एफयूच आहे. सोमवारी दोघा डॉक्टरांची एकत्र वेळ मागितलीय. दादाला वाचून दाखवलं, काही बोलला नाही, पण आज आईचा डबा तोच घेऊन गेला. आईला मडक्याचं सांगितलं तर म्हणते, आयुष्यात अंड्याला हात लावला नाही आणि माझ्या छातीत ऑक्टोपस कुठून शिरला.